आशाताईचं नाव कुठल्या रकान्यात?

नवजात बाळाचं वजन करायचं तर आधी रिकामी झोळी काट्याला अडकवायची, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ झोळीत ठेवायचं आणि आकडा डोळ्यांसमोर येईल इतका हात उचलायचा. वरून पाहिलं तर एक आकडा दिसतो, खालून पाहिलं तर दुसरा. थंडीत घरचे बाळाला उघडं करू देत नाहीत; अशा वेळी तेच दुपटं आधी झोळीत टाकून काटा शून्य करून घ्यावा लागतो. हे राहिलं की दोनशे ग्रॅमचं दुपटं बाळाच्या वजनात जमा होतं. २ किलो ३५० ग्रॅमचं बाळ कागदावर अडीच किलोंच्या पुढं जातं आणि कमी वजनाचं म्हणून त्याच्याकडं जे जादा लक्ष जायला हवं ते जात नाही.

गावात हे काम आशाताई करते, म्हणजे सरकारी आरोग्य अभियानाची गावातली स्वयंसेविका. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या गटप्रवर्तक. एकेकीकडे वीस-पंचवीस आशा. त्यांच्यासोबत घरभेटींना जाणं, नोंदवह्या तपासणं, महिन्याच्या शेवटी मोबदल्याचे फॉर्म जुळवणं हे आमचं रोजचं काम. आशा म्हणजे आरोग्य व्यवस्थेचा कणा, हे वाक्य आता प्रत्येक सत्काराच्या भाषणात असतं. पण तिच्या कामातलं काय कुठं नोंदलं जातं आणि काय गळतं, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. कौतुक कमी पडतंय असं आम्हाला वाटत नाही. कमी पडतो तो कागदावरचा एक रकाना, ज्यात तिचं नाव लिहिलेलं असायला हवं.

बाळाच्या भेटींपासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या कामांतल्या बहुतेक अडचणी इथंही दिसतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उभी राहिली आणि २०११ पासून देशभरातल्या आशांकडे आली. पिशवीत काटा, डिजिटल थर्मामीटर, सेकंदाचं घड्याळ, टॉर्च आणि साबण. घरात शिरल्यावर आधी हात धुवायचे, तेही सगळ्यांसमोर, म्हणजे सासूबाईही मागोमाग धुतात. मग आईची चौकशी, आणि बाळ शांत असेल तर लगेच श्वास मोजायचे. वजन शेवटी, कारण झोळीत ठेवलं की बाळ रडतं आणि रडत्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही. पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याचा मोह नव्या आशांना होतोच; पण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो, त्यामुळं गुणाकार फसतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेच आलं तर बाळ त्याच दिवशी दवाखान्यात गेलं पाहिजे. तापमान काखेत घ्यायचं, ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. याशिवाय दूध ओढणं बंद किंवा कमी होणं, हातपाय लुळे पडणं, रडण्याचा आवाज क्षीण होणं, छाती आत ओढली जाणं, पोट फुगणं, बेंबीतून पू येणं, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा पसरणं, यातलं काही दिसलं तरी वाट पाहायची नाही.

तिसऱ्या दिवशी वजन जन्मावेळेपेक्षा कमी भरतं आणि घरात गोंधळ उडतो. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणं नेहमीचंच. दोन आठवड्यांत ते भरून येतं. हे बाळंतपणाच्या आधी, नवव्या महिन्यातच आजीला सांगून ठेवावं लागतं. नंतर सांगितलं तर उशीर झालेला असतो, तोवर डब्याचं दूध घरात आलेलं असतं आणि ‘आईचं दूध पुरत नाही’ असं ठरूनही गेलेलं असतं. घरच्या रिवाजांपैकी कशावर बोलायचं आणि कशावर गप्प बसायचं हेही ठरवावं लागतं. मालिशीवर बोलून काही मिळत नाही, ती राहू द्यावी. गुटी, मध, डोळ्यांत काजळ, बेंबीला तेल किंवा राख आणि बंद खोलीतली शेगडी यांवर मात्र माघार घेऊ नये. एका भेटीत पाचही गोष्टींवर टोकलं तर पुढच्या भेटीला ‘बाळ निजलंय ताई, उद्या या की’ हे उत्तर ठरलेलं.

आता चिठ्ठीकडे. आशाताई बाळाला पुढं पाठवते तेव्हा संदर्भ चिठ्ठी देते. मोठ्या दवाखान्यात गर्दी असते, केसपेपरवर नातेवाईक जे सांगतील ते लिहिलं जातं, आणि चिठ्ठी आजीच्या पिशवीत घडीच राहते. म्हणजे दोन वेळा मोजलेले श्वास, तापमान, शेवटचं दूध कधी घेतलं ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. यावर आमच्या आशांनी काढलेला उपाय साधा आहे. चिठ्ठीवर ‘बाळ आजारी आहे, तपासावे’ असं लिहायचं नाही. वेळ, श्वास, ताप आणि दूध हे चारच आकडे वरच्या ओळीत ठळक लिहायचे, आणि चिठ्ठी आजीच्या हातात न देता माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून द्यायची. कार्ड डॉक्टर मागतातच. ‘श्वास ६८, ११.२० ला, सकाळी ६ नंतर दूध नाही’ अशी ओळ असेल तर चिठ्ठी वाचली जाते.

एवढं करून सहा भेटींचे मिळतात २५० रुपये, तेही ४२ व्या दिवसानंतर. मूळ मार्गदर्शक सूचनांत त्याला अटी आहेत: जन्माचं वजन कार्डावर हवं, बीसीजी आणि ठरलेले डोस झालेले हवेत, जन्माची नोंद झालेली हवी, आणि आई व बाळ ४२ व्या दिवशी सुखरूप हवेत. शेवटची अट वाचून पाहा. ज्या घरात बाळ आजारी पडतं तिथं भेटी सहाच्या बारा होतात, फोन रात्रीही येतो. आणि नेमक्या त्याच घरात मोबदल्याचा प्रश्न उभा राहतो. सिझेरियन असेल तर तिसऱ्या दिवशी आई दवाखान्यातच असते. अशा वेळी उरलेल्या पाच भेटी पूर्ण केल्या की पूर्ण रक्कम देय आहे. हे नवीन डाटा ऑपरेटरला माहीत नसलं की ‘भेट क्र. १ रिकामी’ म्हणून अख्खा अर्ज परत येतो. जुळं असेल तर रक्कम दुप्पट. तेही मागितल्याशिवाय पडत नाही.

आपल्याकडचा मोठा पेच माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर गडहिंग्लज तालुक्यात, माहेर शिरोळ तालुक्यात, असं असेल तर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, चार तपासण्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या १८० गोळ्या हे सगळं सासरच्या आशेनं केलेलं असतं. ओटी भरली की पोरगी माहेरी जाते. बाळंतपण आणि पहिल्या भेटी माहेरच्या आशेकडे; मग दीड-दोन महिन्यांनी किंवा बारशानंतर परत सासरी. नियमाप्रमाणे घरभेटींची रक्कम दोघींत भेटींच्या प्रमाणात वाटली जाते. प्रत्यक्षात दोन्ही केंद्रांना वाटतं, दुसरीकडं दिले असतील. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात आशेच्या ६०० रुपयांचे दोन भाग आहेत, ३०० गरोदरपणातल्या पाठपुराव्याचे आणि ३०० दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. आपल्या राज्यात ती रक्कम दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांपुरतीच. बाकीच्या गरोदर बायांमागंही पायपीट तेवढीच असते, फक्त तिचा आकडा कुठं चढत नाही.

यावर चालणारा उपाय एकच सापडला आहे: गरोदर बाई माहेरी निघायच्या आधी कार्डाच्या वेष्टनावर दोन्ही आशांची नावं आणि मोबाईल नंबर लिहायचे, आरसीएच क्रमांक (गरोदर मातेचा सरकारी नोंदणी क्रमांक) मोठ्या अक्षरांत, आणि सासरच्या आशेनं माहेरच्या आशेला फोन करून ‘पाठवली आहे’ एवढं कळवायचं. चंदगड, गडहिंग्लज, कागल, शिरोळ या सीमेवरच्या तालुक्यांत मात्र तेही पुरत नाही. माहेर निपाणीला, चिकोडीला किंवा बेळगावाकडं. तिकडं कार्ड कानडीत, मोबदल्याची व्यवस्था वेगळ्या राज्याची. दोन्हीकडच्या आशा एकमेकींना ओळखतात, माहिती देतात. पण इकडच्या बाळाच्या तिकडं झालेल्या भेटी इकडच्या फॉर्ममध्ये बसत नाहीत आणि तिकडच्यातही नाही.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून. कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात पडतात. या बाया पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जातात. सकाळी दहाला कोप्यांवर गेलेल्या आशेला तिथं म्हातारी माणसं आणि लहान पोरं सोडून कुणी भेटत नाही. संध्याकाळी चूल पेटल्यावर जावं लागतं, आणि त्याआधी मुकादमाला गाठून टोळी कुठल्या फडावर आहे ते विचारून घ्यावं लागतं. लसीचं कार्ड हमखास गावाकडं राहिलेलं. मग पोराच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का बघायचं, आईच्या जुन्या मोबाईल नंबरवरून ऑनलाइन नोंद सापडते का पाहायचं, नाहीतर तिच्या गावच्या आशेला फोन लावायचा. हा फोन सगळ्यात भरवशाचा. आशा आशेचा फोन उचलते. काहीच कळलं नाही तर वयाप्रमाणे डोस सुरू करायचे. बीसीजी वर्षाच्या आत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते, वाट पाहण्यात अर्थ नाही. लस दिली की चार गोष्टी सांगायच्या: कोणती दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो, कार्ड जपून ठेवा. यातली तिसरी घाईत राहते आणि तीच महत्त्वाची. पाच रोगांवरच्या एकत्रित पेंटा लसीच्या डोसनंतर ताप येतो हे आधी सांगितलं नाही तर पोर रात्रभर रडतं, आई सकाळी फडावर जाऊ शकत नाही, एक दिवसाची मजुरी बुडते आणि पुढच्या वेळी आशाताईला पाहून कोपीचं दार लागतं.

पहिल्या वर्षातलं लसीकरण पूर्ण झालं की आशेला १०० रुपये असतात. टोळीतलं बाळ नोव्हेंबरात दीड महिन्याचं असलं तर त्याचे तिन्ही डोस इथं होतात, पण नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाआधी मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळी गावी जाते. शेवटचा डोस तिकडं, पूर्ण लसीकरणाची नोंद तिकडं. इथल्या आशेच्या वर्षाच्या सुरुवातीच्या कुटुंब यादीत हे बाळ नव्हतंच, आणि वर्षाच्या शेवटच्या आकड्यातही नसतं.

पुरुषांपर्यंत पोचण्याचं गणित निराळं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाब-कर्करोगाच्या जोखमीचा फॉर्म भरायचा असतो, त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब-साखर आहे का, यांचे गुण करायचे. चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला प्राधान्य. एका फॉर्मचे १० रुपये. दुपारी घरी गेलं तर पुरुष शेतात किंवा एमआयडीसीत. आपल्या जिल्ह्यात पुरुष सकाळ-संध्याकाळ हमखास भेटतात ती जागा म्हणजे दूध संस्था. किटली घेऊन रांगेत उभा असलेला माणूस दहा मिनिटं कुठंही जात नाही. संस्थेच्या सचिवाला आधी सांगून ठेवलं, समुदाय आरोग्य अधिकारी बीपीचं मशीन घेऊन आले, की आठवड्याचं काम दोन सकाळींत होतं. एक अडचण मात्र येते: दूध घालून घाईनं चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब चढलेलाच दिसतो. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीला ठेवूनच घ्यायचा. दारूचा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही, सगळे माळकरी होतात. कमरेचा घेर बायकांच्या बाबतीत साडीच्या निऱ्यांवरून मोजला तर पाच-सात सेंटिमीटर वाढतात. टेप निऱ्यांच्या वर, नाभीच्या पातळीला. आणि ‘तंबाखू खाता का’ याला बाई ‘छे’ म्हणते. ‘मशेरी लावता का’ म्हटलं की डबी कनवटीला असते.

क्षयरोगाच्या कामात नावाच्या रकान्याचं महत्त्व सगळ्यात ठळक दिसतं. दोन आठवड्यांवर खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं अशी माणसं आशा शोधते, थुंकीची डबी देते. डबीत थुंकी येण्याऐवजी लाळच जास्त येते. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढा, असं करून दाखवावं लागतं, आणि तेही उघड्यावर, घरात नाही. निदान झालं तर खबर देणाऱ्याला ५०० रुपये आहेत. पण प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘पाठवणारे’ या जागी आशेचं नाव नसेल, तर क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर तो रुग्ण दवाखान्यानं शोधलेला ठरतो. नंतर दुरुस्ती करायची म्हटलं तर कितीतरी टेबलं. म्हणून आम्ही आशांना सांगतो, डबीच्या अंगावर आणि फॉर्मवर, दोन्हीकडं स्वतःचं नाव, गाव आणि मोबाईल स्वतःच्या हातानं लिहा. डबी कुणाच्याही हाती पाठवा, नाव पुढं जाईल.

औषध सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात लघवी लालसर-नारिंगी होते. रिफाम्पिसिनमुळं होतं ते, अपायकारक नाही. हे आधी सांगितलेलं नसलं तर रक्त जातंय म्हणून रुग्ण गोळ्या बंद करतो. दुसरं गळतीचं ठिकाण दोन महिन्यांनी येतं. खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या नकोशा होतात. पोषणासाठी मिळणारे पैसे (एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००) आधार जोडलेल्या खात्यातच पडतात, आणि घरातलं तसं खातं बायकोचं असतं. आणखी एक: आशाताई एकाच घरी वारंवार जायला लागली की गल्लीला अंदाज येतो. त्यामुळं शहाणी आशा शेजारच्या दोन घरांतही डोकावून येते, बीपीच्या गोळ्या संपल्यात का विचारते.

पुराविषयी थोडं सविस्तर लिहावं लागेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन पुरांनी जिल्ह्यातल्या आशांचं जूनचं काम बदलून टाकलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पण आशेनं यादी ३९ फुटांची वाट न बघता जूनमध्येच करायची असते. प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून नृसिंहवाडी, कुरुंदवाडपर्यंत पूरपट्ट्यातल्या गावांत या यादीत चार प्रकारची माणसं असतात: पुढच्या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या बाया, डायलिसिसवरचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले, आणि ज्यांची गोळी एक दिवसही चुकता कामा नये असे क्षय, बीपी, साखर, फिटचे रुग्ण. गोळ्या महिनाभराच्या आधीच द्यायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ३६ आठवडे पूर्ण झालेल्या बाईला पाणी रस्त्यावर यायच्या आत उंचावरच्या नातेवाइकांकडं किंवा दवाखान्याजवळ हलवायचं. १०८ ची गाडी पाण्यातून येत नाही. बोट येते, पण कळा सुरू झालेल्या बाईला बोटीत बसवणं कुणाला नको असतं.

घर सोडायला लोक तयार नसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा गोठ्यात असतं. म्हशी बांधून ठेवून कुणी निवारा केंद्रात जात नाही. पुरुष जनावरांपाशी थांबतो आणि बाई-पोरांना पाठवतो. म्हणजे पायाला जखम असलेला, शेणपाण्यात दिवसभर उभा असलेला माणूस नेमका आरोग्य पथकाच्या नजरेबाहेर राहतो. लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, जोखीम त्यालाच जास्त. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं अशांना आधी पोचवाव्यात, आणि गरोदर बाया व लहान मुलांना देऊ नयेत.

पाणी ओसरल्यावर जुलाब सुरू होतात. पाण्यात टाकायची टीसीएल (क्लोरीनची) पावडर चांगली असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. आधी बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. हे काम जलसुरक्षकाचं, पण पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहणारी ओटी चाचणी बऱ्याच गावांत आशाच करते. चुकतं ते इथं: ग्रामपंचायतीच्या गोदामात पोतं भिजलेलं असतं, पावडरीचे गोळे झालेले असतात, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. माप बरोबर, वासही येतो, पण चाचणीत पिवळा रंग येत नाही. आणि चाचणी टाकीखालच्या नळाला करून उपयोग नाही. गावाच्या शेवटच्या नळाला करायची. तिथं नेहमी किमान ०.२ आणि पुराच्या दिवसांत ०.५ पीपीएम क्लोरीन सापडला पाहिजे. जलवाहिनी गटारातून जाते ते गळकं ठिकाण याच चाचणीनं सापडतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरला एकच, केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण. झिंक तिसऱ्या दिवशी बंद होतं, दर वेळी.

या पुराच्या कामाला मोबदल्याच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. आपल्या कित्येक आशांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असतं, नोंदवह्या भिजलेल्या असतात, आणि त्या महिन्याचा मोबदला त्याच भिजलेल्या वह्यांवरून ठरतो.

थोडं मागचं. गावातल्याच बाईला शिकवून तिच्या हाती आरोग्याचं काम द्यायचं, हे आपल्या राज्याला नवीन नाही. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेच केलं. १९७७ मध्ये केंद्रानं ग्रामीण आरोग्य स्वयंसेवकांची योजना आणली, २००२ च्या सुमारास छत्तीसगडमध्ये मितानिन, म्हणजे तिथल्या गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, आल्या, आणि एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आशा आल्या, साधारण हजार लोकवस्तीमागं एक. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला. आनंद झाला, सत्कार झाले, नारळ-शाली झाल्या. आशा मात्र नियमानं आजही स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, मोबदला आहे.

त्यातला नियमित भाग कसा बनतो ते पाहिलं की बरंच उलगडतं. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राचा नियमित मोबदला महिना २,००० रुपये होता. तो असा: गावातल्या आरोग्य-पोषण दिवसाला लोकांना गोळा करणं २००, ग्राम आरोग्य समितीची बैठक १५०, केंद्रातली मासिक सभा १५०, आणि कुटुंब यादी, जन्म-मृत्यू नोंद, लसीकरणाची ड्यू लिस्ट (कुणाचा डोस कधी त्याची यादी), गरोदर मातांची यादी, पात्र जोडप्यांची यादी यांचे प्रत्येकी ३००. २०२५ मध्ये ही रक्कम ३,५०० करण्याचा निर्णय झाला. राज्याचा हिस्सा वेगळा. २०२३ च्या संपानंतर मार्च २०२४ मध्ये त्यात ५,००० रुपयांची वाढ मिळाली, नोव्हेंबर २०२३ पासून. वरची फोड नीट पाहिली तर यादी करण्याचे पैसे आहेत, सभेला बसण्याचे आहेत. यादीतल्या बाईच्या दारात चौथ्यांदा जाण्याचे नाहीत.

फॉर्म जुळवताना बहुतेक क्लेम तीन कारणांनी अडकतात. तारीख डायरीत एक आणि उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये दुसरी; नाव कार्डावर माहेरचं आणि आधारवर सासरचं; किंवा सही करणाऱ्या सिस्टर रजेवर आणि फॉर्म पुढच्या महिन्यात. यातली पहिली दोन टाळता येतात. लसीकरण सत्र संपल्यावर तिथंच, घरी जायच्या आधी, आशा आणि सिस्टरनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून तारखा वाचायच्या, पंधरा मिनिटांचं काम आहे. नाव आधारप्रमाणे लिहायचं आणि कंसात गावात हाक मारतात ते. सहीसाठी महिनाअखेरची वाट न पाहता दर सत्राच्या दिवशी त्या दिवसापुरती घ्यायची. दिलेल्या फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, शिक्का दिसेल असा. खात्यात रक्कम कमी आली तर तालुका समूह संघटकांकडे तोंडी न सांगता मासिक सभेत लेखी द्यायचं, कुठल्या बाळाच्या कुठल्या भेटीचे राहिले ते क्रमांकासहित. आणि राहिलेली रक्कम पुढच्या फॉर्ममध्ये ‘मागील थकीत’ म्हणून स्वतंत्र ओळीत टाकायची. चालू महिन्याच्या आकड्यात मिसळली की दोन्ही महिन्यांचा फॉर्म परत येतो.